जामीनदाराचा ठावठिकाणा

पोलीस दारात आले तेव्हा तातेरावांचे जावई वैजनाथ पाटावर बसले होते आणि सासू शालूबाई त्यांच्या ताटात आग्रहानं आणखी धोंडे वाढत होत्या. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणून तातेरावांनी लेक पुनम आणि जावयाला मुद्दाम गोरेगावला बोलावून घेतलं होतं. पाटाभोवती रांगोळी होती, शेजारी समई तेवत होती आणि जावयाच्या डोक्यावर कोरी करकरीत टोपी होती. हवालदार भला माणूस. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "वैजनाथ तुमीच का?"

"व्हय," वैजनाथ घास गिळून म्हणाले.

"होऊ द्या सावकाश. जेवल्यावर चला संगं. वॉरंट हाय."

पत्ता शोधायला हवालदाराला काहीच तकलीफ पडली नव्हती. सकाळी जावयाला ओवाळतानाचा फोटो तातेरावांनीच मोबाइलच्या स्टेटसला टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'जावईबापूंचे गोरेगाव नगरीत सहर्ष स्वागत.'

तातेराव हवालदाराला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, काय तरी गफलत होऊन राहिली. ह्या केसवर माझं सोताचं लक्ष हाय."

"तेच म्हणतो मी," हवालदार म्हणाला. "सारख्या तारखा पडून राहिल्या आन् आरोपी एकदा बी कोर्टात न्हाई."

तातेरावांची कानशिलं तापली. ते फार पूर्वी बांधाचा एक दावा जिंकले होते, आणि तेव्हापासून गावात कुणाचंही कोर्टाचं काम निघालं की पहिला चहा तातेरावांच्या ओट्यावर होई. लोक त्यांना तोंडावर 'अर्धे वकील' म्हणत आणि ते त्यातला 'अर्धे' ऐकत नसत. जावयाची केस तशी साधीच होती. वैजनाथांचं नरसीला पंपाच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. एकदा सेनगावात पिकअप मागं घेताना एका वरातीतल्या घोड्याला धक्का लागला आणि घोडं नवरदेवासकट नालीत बसलं. घोड्याला काही झालं नाही, पण नवरदेवाचं मनगट मोडलं. जावयाला वकीलही तातेरावांनीच करून दिला होता, हिंगोलीच्या नाहिद वकीलबाई. बाईंनी बजावलं होतं की आरोपी तारखेला येणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, मी हजेरीमाफीचा अर्ज देईन. पण एवढ्याशा कामाला बाईला काय तकलीफ द्यायची, असा विचार करून तातेरावांनी जावयाला परस्पर सांगून टाकलं, "जावईबापू, दुकान बंद ठिवू नका. तारखा मी बघून राहिलो." आणि ते खरंच बघत होते. नाव पुकारलं की मागच्या बाकावरून उठून "येतील साहेब" म्हणत आणि खाली बसत. ते कोण, हे कोर्टात कुणी विचारलं नाही, आणि अशा माणसाच्या बोलण्याला कागदावर जागा नसते, हे तातेरावांना ठाऊक नव्हतं.

सेनगावच्या कोर्टात नाहिद वकीलबाई त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "काका, एक फोन करायचा होता."

अपघातानंतर मिळालेला पहिला जामीन मोडीत निघाला होता. नव्या अर्जावर सरकारी वकिलांचं म्हणणं मागवून न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली, आणि धोंड्याच्या जेवणाला आलेले जावई कोऱ्या टोपीसकट हिंगोलीच्या जेलात गेले.

संध्याकाळी नरसीहून भागूबाईंचा फोन आला. भागूबाई म्हणजे वैजनाथांच्या आई, कमी बोलणाऱ्या बाई. नवरा गेल्यावर एकटीनंच पोराला वाढवलेलं. त्यांनी व्याह्यांना विचारलं, "इवाई, पोरगं पोचलं ना नीट? झालं का धोंड्याचं जेवण?"

खरं सांगायला तातेरावांनी तोंड उघडलं होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं, "झालं की. पोटभर जेवले. आन् इहीनबाई, म्हणलं आता आलेच हायेत तर ऱ्हाऊ द्या चार रोज. आमी काय सोडून ऱ्हायलो न्हाई."

"बरं," भागूबाई म्हणाल्या.

शालूबाईंनी कपाळाला हात लावला. पुनम म्हणाली, "आबा, सासूबाईंला खरं सांगा."

"सांगतो ना. उद्या सुटलेच की एकदमच सांगतो."

उद्या कुणी सुटलं नाही आणि भागूबाईंचा फोन मात्र आला. पुनमनं खोटं बोलायला साफ नकार दिला. सासूचा फोन आला की ती तो उचलून गुमान बापाच्या हातात द्यायची. मग तातेराव कधी पुरणपोळी सांगत, कधी शेवयाची खीर, कधी आमरसाच्या दोन वाट्या. एके दिवशी तर जावयाला दुपारी कुलरसमोर झोप लागली म्हणून उठवत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाजही बारीक केला. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःच्याच ताटातली भाकरी गिळवत नसे. शेवटी त्यांनी आपला फोन बंद करून टाकला आणि पुनमच्या फोनचं चार्जर ज्वारीच्या कोठीत लपवलं. वकीलबाईंना निरोप द्यायचा तर गावातल्या जीपवाल्या जहांगीरचा फोन होताच.

मधल्या काळात ते एकटेच हिंगोलीला मुलाखतीला गेले. जाळीपलीकडे वैजनाथ उभे होते. टोपी आता कोरी राहिली नव्हती.

"कसं हाय जावईबापू?" विचारताना तातेरावांची मान वर होईना.

"बरं हाय मामा. गर्दी लई हाय. गरम व्हतंय, झोप येत न्हाई." मग ते म्हणाले, "आईला सांगितलं का?"

"सांगितलं. समजदार हायेत त्या." हे नवं खोटं त्यांनी खुद्द पोराच्याच तोंडावर सांगितलं. ते झाकायला त्यांना काहीतरी चांगलं करायचं होतं, आणि सल्ल्याशिवाय दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. जाळीला तोंड लावून ते म्हणाले, "हे बघा, इथं गर्दी झाली की परभणीला हलवतात, मला सगळं ठाऊक हाय. तिकडं मोठी जेल, पंखे, सगळी सोय. कोण जातं म्हणून विचारलं की पहिला हात तुमी वर करा."

"पण मामा, हितं सुटायचं..."

"सुटायचं माझ्यावर सोपवा."

वैजनाथांनी मान डोलावली. सासऱ्याचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता, आणि आज ते जाळीच्या आत होते तेही त्यामुळेच.

जामीन शनिवारी मंजूर झाला. तातेराव आपल्या जमिनीचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन जामीनदार म्हणून उभे राहिले. आत जाण्यापूर्वी नाहिद वकीलबाईंनी विचारलं, "काका, वैजनाथ हिंगोलीलाच आहेत ना? आजच्या आज जेलात विचारून घ्या. सुटकेचा आदेश त्याच जेलच्या नावानं निघतो."

"विचारलं," तातेराव म्हणाले. फोन बंद असलेला माणूस कुणाला काय विचारणार? पण फोन का बंद आहे हे सांगायचं, तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

न्यायाधीशांनीही विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

"जावई, साहेब."

"तारखेला हजर ठेवाल?"

"बराबर ठेवीन."

"सध्या कुठं आहे आरोपी?"

"हिंगोलीच्या जेलात. माझ्या नजरेखाली हाय साहेब."

टंकलेखकानं ते टंकलं. सुटकेचा आदेश हिंगोलीला रवाना झाला, आणि त्याच्या मागोमाग जहांगीरची जीप. पुढं तातेराव, मागं शालूबाई आणि पुनम, आणि दोघींच्या मधे ताज्या धोंड्यांचा स्टीलचा डबा. तातेरावांनी आठवड्यात पहिल्यांदाच दाढी केली होती. जावई जेलातून निघाले की थेट नरसीला न्यायचे, वाटेत सगळं समजावून सांगायचं आणि भागूबाईंना काही कळू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता.

जेलच्या दारावरच्या शिपायानं नाव ऐकलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "कागद आलाय. माणूस न्हाई."

"माणूस न्हाई म्हंजे?"

"वैजनाथ ना? मोटारी भरणारे? ते परभणीला गेले की. गर्दी झाली म्हणून काही जणांला हलवायचं होतं. कोण जातं म्हणून विचारलं, तर ह्यांनीच पहिला हात वर केला."

"काहून?" शालूबाई म्हणाल्या.

"काय की. तिकडं पंखे हायेत म्हणत व्हते. कुणी तरी सांगितलं आसंल."

जहांगीर जीपला टेकून बिडी ओढत होता. त्यानं मान हलवली. "सुटायच्या टायमाला बदली घ्यायची म्हंजे काय. असली अक्कल देणारं कोण भेटलं म्हणायचं त्याला?"

सगळे तातेरावांकडे बघायला लागले. दोष द्यायला नव्हे, तर गावात असल्या गोष्टींवर शेवटचा शब्द त्यांचा असतो म्हणून. तातेराव जीपच्या टायरकडे बघत म्हणाले, "लोक बी काय, काय बी सांगत्यात."

हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांना आपल्या गुळगुळीत गालाचीसुद्धा लाज वाटली.

जहांगीरच्या फोनवरून वकीलबाईंना विचारलं. तातेराव रडकुंडीला आले होते. "मग जामीन गेला का बाई?"

"नाही काका. जामीन माणसाला मिळतो, जेलच्या इमारतीला नाही. तुम्ही दिलेला जामीन जागच्या जागी आहे. पण आदेश हिंगोलीच्या नावानं आहे आणि परभणीचे अधिकारी दुसऱ्या जेलच्या नावाच्या कागदावर माणूस कसा सोडतील? शिवाय मुचलक्यावर वैजनाथची स्वतःची सही राहिली आहे. जिथं माणूस, तिथंच ती होणार. हा कागद परत येईल, मग सोमवारी कोर्टाला सांगून परभणीच्या नावानं आदेश घेऊ."

"आन् तोवर?"

"तोवर जावई जामिनावर सुटलेलेही आहेत आणि जेलातही आहेत." बाई पुढं म्हणाल्या, "पण काका, तुम्ही तर म्हणालात की विचारलं."

तातेरावांनी रेंज गेल्यासारखं दोनदा "हॅलो" म्हटलं आणि फोन जहांगीरला देऊन टाकला.

जीप परतीला लागली. सेनगाव मागं पडल्यावर पुनम बाहेरच्या रानाकडे बघत म्हणाली, "आबा, पंख्याचं तुमीच सांगितलं ना त्यांला?"

तातेरावांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांनाही नीट कळलं नाही. पुनमला कळलं. तिनं डबा उचलून मांडीवर घेतला.

रविवारी प्रेमदास नावाचा शेजारी ओट्यावर आला. त्याच्या भावकीत कुरबूर झाली होती आणि जामिनाचं विचारायचं होतं. तातेराव घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते न वळताच म्हणाले, "वकिलाला इचार बाबा. मला त्यातलं काही कळत न्हाई." प्रेमदास इतका घाबरला की शालूबाईंना विचारून गेला, मालकाची तब्येत तर बरी आहे ना.

सोमवारी कोर्ट भरलं तेव्हा मागच्या बाकांवर नेहमीची ओळखीची तोंडं होती. एरवी तातेरावांनी त्यांचे मान तुकवून नमस्कार घेतले असते. आज ते पिंजऱ्याजवळ उभे होते आणि नाहिद वकीलबाई अर्ज वाचून दाखवत होत्या. न्यायाधीशांनी मागचे कागद चाळले.

"जामीनदार, शनिवारी तुम्ही सांगितलंत, आरोपी तुमच्या नजरेखाली आहे."

"व्हय साहेब."

"तो तर त्याच्या आदल्या दिवशीच परभणीला गेला होता."

बाकांवर कुणीतरी खोकलं. तातेरावांपाशी दोन-तीन उत्तरं तयार होती. रात्रभर पडून त्यांनी ती जुळवली होती, आणि एकात तर कायद्याचं कलमही होतं. पण समोर टंकलेखकाची बोटं वाट बघत थांबली होती. आपण जे बोलू ते ही बोटं जसंच्या तसं कागदावर उतरवतील, हे बघून तातेरावांच्या जिभेवरची सगळी कलमं विरघळली.

"साहेब, मी इचारलंच न्हवतं," ते म्हणाले. "इचारलं म्हणून खोटं सांगितलं. आन् बदलीला हात वर करा, हे बी त्यांला मीच शिकवलं. तारखेला येऊ नका, हे बी माझंच. जावयाची काही चूक न्हाई. त्यांनी फकस्त माझं ऐकलं."

न्यायाधीशांनी समोरचे कागद मिटले. मग म्हणाले, "आदेश परभणीच्या नावानं द्या. आणि जामीनदार, यापुढं आरोपीला सल्ला त्यांचे वकील देतील. तुम्ही फक्त माणूस आणा."

"व्हय साहेब."

नवा आदेश निघाला. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत परभणीच्या जेलात वैजनाथांची मुचलक्यावर सही झाली आणि ते बाहेर आले, तेव्हा दारापाशी जहांगीरची जीप आणि घरची तिघं थांबली होती. सकाळपासून आभाळ भरून येत होतं आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. वैजनाथांनी आधी वाकून सासऱ्याच्या पायाला हात लावला. तातेराव दोन पावलं मागं सरले.

"नका पाया पडू जावईबापू. चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या मामा."

काहीतरी बोलायचं म्हणून तातेरावांनी विचारलं, "पंखा व्हता का?"

"व्हता. माझ्याकडला बंद व्हता."

"मग तुमच्या तर हातचं काम..."

"म्हणलो मी, मोटार भरून देतो. त्यांनी हात लावू दिला न्हाई."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच पुनम हसली, आणि तिला हसताना बघून वैजनाथही. तातेरावांना मात्र हसू आलं नाही. जीपमधे बसताना त्यांनी जहांगीरला सांगितलं, "गोरेगावला न्हाई. आधी नरसीकडं घे."

औंढ्यापर्यंत ते मनातल्या मनात वाक्यं रचत राहिले. 'इहीनबाई, एक गोष्ट सांगायची ऱ्हाऊन गेली', हे फार हलकं वाटलं. 'माझ्या हातून गुन्हा झाला', यात पुन्हा कोर्टाचा वास येत होता. शेवटी त्यांनी ठरवलं की काही रचायचं नाही, नुसते हात जोडायचे.

भागूबाई अंगणात पाटीत तूर निवडत बसल्या होत्या. जीप थांबली तशी त्यांनी पदर सावरला. पोराला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि सुनेला म्हणाल्या, "पाणी काढलंय, त्याला आंघोळ करू दे आधी." दोघं आत गेली. शालूबाई तोंडाला पदर लावून जीपमधेच बसून राहिल्या. तातेराव तेवढे अंगणात उरले.

त्यांनी हात जोडले. "इहीनबाई, मी तुमाला इतके दिवस खोटं सांगितलं. जावईबापू माझ्या घरी न्हवतेच. ते..."

"जेलात व्हते," भागूबाई म्हणाल्या. "बसा की. उभं काहून?"

तातेराव जिथं होते तिथंच टेकले. खाली खाट नव्हती, भुईच होती.

"पहिल्याच दिशी म्हणलं, काही तरी हाय. हा सासुरवाडीला जाऊन फोन करत न्हाई, असं कधी झालं न्हाई. मग तुमी म्हणला, आमरसाच्या दोन वाट्या खाल्ल्या. त्याला आंबा चालत न्हाई, इवाई. लहानपणापासून अंगावर गांध्या उठतात." त्या पाटीतला खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "मग परभणीहून जेलातला फोन आला, की तुमच्या पोराला इकडं हलवलं. आधी तुमचा नंबर लावला म्हणले, त्यो बंद. म्हणून माझा लावला. दुसऱ्या दिशी सकाळच्या यष्टीनं गेले, भेटून आले."

"मग..." तातेरावांनी वर बघितलं. "मग मला सांगायचं व्हतं बाई. मी कोर्टात हिंगोली सांगून बसलो."

"पोरगं म्हणलं, नको सांगू, मामाला वाईट वाटंल. तरी बी मी तुमाला लई फोन लावले. पुनमला बी लावले." भागूबाईंनी तूर पाखडायला सूप उचललं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तातेरावांना सोसवत नव्हतं. "पोरगं कुठं हाय ते मला बराबर ठाऊक व्हतं, इवाई. तुमीच सापडत न्हवता."

तातेरावांनी मान खाली घातली. आतून पुनमनं हाक मारली, आबा, तुमच्यासाठी बी चहा टाकू का. त्यांना 'व्हय' म्हणायचं होतं. पण त्यांनी नुसता हात वर केला.